वडाप की मुक्कामाची एसटी?

हॅम्बुर्ग शहराच्या पश्चिमेला ऑस्डॉर्फर बॉर्न नावाची वसाहत आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या आणि हजारो माणसं राहायला आली. भुयारी रेल्वे इथवर पोचणार, असं त्या वेळच्या आराखड्यात होतं. सत्तरच्या दशकात पैशाचं गणित बिघडलं आणि ती योजना गुंडाळली गेली. घरं बांधून झाली होती, माणसं येऊन राहिली होती, फक्त रेल्वे आली नाही. तेव्हापासून ही वसाहत बसच्या भरवशावर शहराशी जोडलेली आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात याच भागात, ऑस्डॉर्फ आणि लुरुप या दोन उपनगरांत, एक वेगळी सेवा सुरू झाली. लंडनच्या टॅक्सीसारख्या दिसणाऱ्या विजेच्या गाड्या. मोबाइलवर बोलावायचं, जवळच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं, गाडी यायची. वाटेत त्याच दिशेचा दुसरा कोणी असला तर त्यालाही घ्यायची आणि सगळ्यांना लोकल रेल्वेच्या स्थानकावर सोडायची. गाडी चालवणारी कंपनी सार्वजनिक बसचीच होती आणि सुरुवातीला तिकीटही बस-रेल्वेचंच चालत होतं. वेगळं भाडं नव्हतं. पुढे थोडं जादा शुल्क आलं. मोबाइलवर बोलावलेल्या गाड्या जगात तेव्हा नव्या नव्हत्या. इथे त्या बोलावल्यावर येणारी बस म्हणून आल्या, टॅक्सी म्हणून नव्हे, आणि या लेखाचा सगळा मुद्दा या एका फरकाभोवती फिरणार आहे.

आता हॅम्बुर्गला अशा गाड्यांमधला चालक काढायचा आहे. २०२३मध्ये जर्मनीच्या केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने आणि हॅम्बुर्ग शहराने मिळून एक उद्दिष्ट जाहीर केलं: २०३०पर्यंत शहरात दहा हजारांपर्यंत विनाचालक सामायिक गाड्या. त्याच शहराने आधी आणखी एक वचन दिलेलं आहे, की २०३०पर्यंत प्रत्येक रहिवाशाला पाच मिनिटांच्या आत सार्वजनिक वाहतुकीचं काही ना काही साधन मिळेल. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की हेतू लक्षात येतो. पाच मिनिटांचं वचन पुऱ्या आकाराच्या बसनी पाळता येणार नाही, म्हणून लहान गाड्या हव्यात, आणि लहान गाड्यांना पुरतील इतके चालक मिळणार नाहीत किंवा परवडणार नाहीत, म्हणून त्या विनाचालक हव्यात.

हे तर्कशास्त्र मला पटतं. ते का पटतं ते आधी सांगतो, म्हणजे नंतरचा आक्षेप कुरकुर वाटणार नाही.

उपनगर म्हणजे पसरलेली वस्ती. शहराच्या मध्यभागी एका थांब्यावर पन्नास माणसं उभी असतात. उपनगरात पन्नास माणसं पन्नास गल्ल्यांत असतात. बसला मोठा रस्ता सोडता येत नाही. सोडला तर फेरी इतकी लांबते की आत बसलेला माणूस वैतागतो. नाही सोडला तर सत्तरीच्या बाईंना पाऊण किलोमीटर चालत थांब्यावर यावं लागतं. रात्री साडेनऊनंतर चाळीस जणांच्या बसमध्ये चार माणसं असतात. गाडीत चाळीस असोत की चार, चालकाचा पगार तोच. बसच्या खर्चात हा पगार सगळ्यात मोठ्या बाबींपैकी एक असतो. म्हणून पैसे वाचवायचे ठरले की रात्रीची फेरी पहिली जाते, मग रविवारची, मग दुपारची. फेऱ्या कमी झाल्या की ज्याला जमतं तो गाडी घेतो, प्रवासी आणखी घटतात आणि पुढच्या कपातीला कारण मिळतं. ही घसरण युरोपातल्या कितीतरी उपनगरांनी पाहिली आहे. जर्मनीत आता तिच्या जोडीला दुसरी अडचण आली आहे. बसचालकांची एक पिढी निवृत्त होते आहे आणि तिच्या जागी पुरेसे नवे लोक येत नाहीत. काही ठिकाणी बस उभी असते, प्रवासी उभे असतात, तरीही फेरी रद्द होते, कारण चालवायला माणूस नसतो.

लहान गाडी आणली की चालकाचा प्रश्न सुटत नाही, उलट तो वाढतो. हे हेलसिंकीला फार स्पष्ट दिसलं. २०१२मध्ये तिथल्या प्रादेशिक वाहतूक संस्थेने ‘कुत्सुप्लुस’ नावाची सेवा सुरू केली. नऊ आसनांच्या १५ गाड्या होत्या. प्रवाशाने कुठून कुठे जायचं ते कळवायचं, संगणक एका दिशेच्या प्रवाशांची मोट बांधायचा आणि वाट ठरवायचा. भाडं बसपेक्षा जास्त, टॅक्सीपेक्षा कमी. काळाच्या कितीतरी पुढची ही कल्पना होती आणि लोकांना ती आवडलीही. प्रवासी वाढत गेले. तरी २०१५च्या अखेरीस ती बंद झाली. प्रत्येक प्रवाशामागे सार्वजनिक पैसा फार जात होता आणि गाड्या वाढवायला नगरपालिकांकडे निधी नव्हता.

कुत्सुप्लुस फसली, असं म्हणून लोक पुढे जातात. मला वाटतं, तिथे जरा थांबायला हवं. पंधरा गाड्या एवढ्या मोठ्या शहरभर पसरल्या की दोन अनोळखी माणसं एकाच वेळी एकाच दिशेला निघण्याची शक्यता कमी असते. गाड्या आणि प्रवासी दोन्ही दाट झाले तरच मोट नीट बांधता येते. म्हणजे ही सेवा लहान असताना महाग असणारच, आणि महाग आहे म्हणून तिला मोठं होऊ दिलं जात नाही. हेलसिंकीचा प्रयोग या कोंडीत सापडला. कल्पना चूक होती असं त्यातून सिद्ध होत नाही. पण प्रत्येक नऊ आसनांमागे एक पगार देऊन ही कोंडी फुटत नाही, एवढं नक्की सिद्ध होतं. विनाचालक गाडीचं खरं आकर्षण इथे आहे. तिच्या झगमगाटाशी त्याचा काही संबंध नाही.

हॅम्बुर्गमध्ये यंत्राची वाटचाल सावकाश झाली आणि ते बरंच झालं. बंदराजवळच्या हाफेनसिटीत आधी एक छोटी विनाचालक बस १.८ किलोमीटरच्या ठरावीक फेरीत, ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत चालवून पाहिली. २०२१मध्ये तो प्रयोग संपला. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत नवा कायदा लागू झाला. आधी मंजूर केलेल्या क्षेत्रात, मंजूर केलेल्या गाडीला चालकाशिवाय रस्त्यावर येण्याची मुभा त्याने दिली, पण एका अटीवर: दुरून तिच्यावर देखरेख करणारी, गरज पडली तर तिला थांबवू शकणारी एक हाडामांसाची व्यक्ती नेमलेली असली पाहिजे. आता शहराची वाहतूक कंपनी होखबान आणि फोक्सवागनची मोइया ही कंपनी मिळून पुढचा टप्पा चालवत आहेत. मोइयाच्या सहा आसनी विजेच्या गाड्या २०१९पासून हॅम्बुर्गच्या रस्त्यांवर माणसं चालवत आली आहेत, म्हणजे प्रवाशांची मोट बांधण्याचा अनुभव तिथे आधीच जमा आहे. दक्षिणेला डार्मश्टाट शहरात आणि ऑफेनबाखच्या ग्रामीण-उपनगरी पट्ट्यात राइन-माइन भागाची वाहतूक संस्था आणि जर्मन रेल्वे यांनीही स्वयंचलित गाड्या आणल्या. तिथे आधीपासून बोलावल्यावर येणाऱ्या गाड्या चालत होत्या, त्यांच्याच जाळ्यात हा प्रयोग बसवला. या चाचण्यांत गाडी स्वतः चालते, पण चालकाच्या जागेवर प्रशिक्षित माणूस बसलेला असतो.

म्हणजे आज रस्त्यावर जे दिसतं त्यात एकही पगार वाचलेला नाही, उलट देखरेखीचा खर्च वाढला आहे. स्कॉटलंडमध्ये हेच मोठ्या आकारात घडलं. मे २०२३मध्ये एडिनबरोजवळ, फोर्थच्या खाडीवरचा पूल ओलांडून जाणारी पूर्ण आकाराची स्वयंचलित बस सुरू झाली. स्टेजकोच कंपनीची ही सेवा जगभर बातमीत आली. बस नीट चालायची, पण तिच्यावर दोन कर्मचारी असायचे, आणि अपेक्षेइतके प्रवासी कधी आलेच नाहीत. फेब्रुवारी २०२५मध्ये ती बंद केली. यंत्र उत्तीर्ण झालं आणि सेवा नापास. लोक रोबोत बसायला एकदा येतात. रोज येतात ते कामावर वेळेत पोचायला.

चाचण्यांचे अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. त्यात गाडीने किती किलोमीटर कापले, माणसाला किती वेळा हस्तक्षेप करावा लागला, प्रवाशांना किती सुरक्षित वाटलं, हे सगळं असतं. गाडीत सरासरी किती माणसं होती, किती किलोमीटर ती रिकामी धावली, तिच्यात बसलेला माणूस एरवी स्वतःची कार काढणार होता की चालत जाणार होता, हे कुठेतरी मागच्या पानांवर जातं. उपनगराच्या दृष्टीने पहिली यादी ही अट आहे आणि दुसरी यादी हे प्रयोजन आहे.

इथे मला आपल्याकडची दोन वाहनं आठवतात. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे ज्याला वडाप म्हणतात आणि विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणतात, ते पहिलं. फाट्यावर जीप उभी असते, माणसं भरली की सुटते. भरेपर्यंत सुटत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा त्याच जातीची: तिसरी सीट आली की निघाली. या वाहनांना नावं ठेवण्याचं मला कारण दिसत नाही. जिथे सरकार पोचलं नाही तिथे ती पोचली. त्यांच्या जिवावर लाखो लोक शाळेत, बाजारात, कामावर गेले आहेत. मागणी असेल तिथे आणि असेल तेव्हा गाडी, ही कल्पना कोणत्याही संगणकाच्या कितीतरी आधी आपल्या फाट्यांवर उभी होती.

दुसरं वाहन म्हणजे मुक्कामाची एसटी. संध्याकाळी गावात येते, रात्रभर गावातच उभी राहते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन तालुक्याला निघतात. तिच्यात तीन माणसं असली तरी ती निघते. त्या तिघांत एक कॉलेजची मुलगी असते, एक दवाखान्यात जाणारे आजोबा असतात, आणि गाडी निघेल की नाही हा प्रश्न त्यांना पडत नाही. हिशेबाच्या वहीत ही फेरी तोट्याची असते. पण त्या तिघांचं शिक्षण, औषधपाणी, नोकरी या फेरीवर उभी असते आणि ते त्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

विनाचालक सामायिक गाडी या दोन्हींपैकी काहीही होऊ शकते. यंत्रात तसा काहीच फरक नाही. आणि ही केवळ कल्पना नाही. हॅम्बुर्गमध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी तपासली जाणारी फोक्सवागनची आयडी बझ गाडी अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये उबरच्या ॲपवरून भाड्याने धावणार, असं दोन्ही कंपन्यांनी एप्रिल २०२५मध्ये जाहीर केलं. गाडी एकच, कॅमेरेही तेच. एका ठिकाणी ती कुठे जाईल हे भाडं कुठे मिळतं त्यावर ठरेल, दुसऱ्या ठिकाणी, शहराने हिंमत दाखवली तर, ती कोणाला नेणं शहराचं कर्तव्य आहे यावर ठरेल. आपण ‘विनाचालक’ या शब्दाकडे इतके बघत राहतो की ‘सार्वजनिक’ हा शब्द नजरेतून निसटतो.

तो निसटला तर काय होतं, हे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५मध्ये लिस्बन शहराचं गणित मांडून दाखवलं होतं. सगळ्यांनी विनाचालक गाड्या एकमेकांत वाटून वापरल्या आणि जोडीला मेट्रो चालू राहिली, तर आजच्या दहापैकी जवळजवळ नऊ गाड्यांची गरज उरत नाही. पण निम्मेच लोक या गाड्यांकडे वळले आणि बाकीचे आपल्या कारमध्येच राहिले, तर रस्त्यांवरचं एकूण वाहन-अंतर कमी होण्याऐवजी ३० ते ९० टक्क्यांनी वाढतं. हे प्रत्यक्ष शहर नव्हे, संगणकावरचं शहर, पण त्यातला इशारा साध्या गणितालाही पटतो. हजार माणसांची एक लोकल रिकामी झाली आणि सगळे तीन-तीनच्या गाड्यांत बसले, तर सुमारे ३३३ गाड्या लागतात. एकीला सहा मीटर जागा धरली तर नुसत्या उभ्या असताना त्यांची रांग दोन किलोमीटर होते. ही गाडी रेल्वेपर्यंत नेणारी असेल तर वरदान आहे. रेल्वेऐवजी आली तर शहर तुंबेल, आणि तुंबलेल्या शहरात ती स्वतःही अडकेल.

म्हणून मोठ्या बसच्या किंवा रेल्वेच्या मार्गाशी समांतर धावायची तिला मुभाच नसावी, असं माझं मत आहे. तिने गल्लीतून स्थानकापर्यंत आणावं, रात्री स्थानकातून गल्लीपर्यंत सोडावं, आणि जिथे बस धावते तिथे तिच्या ॲपने बसच दाखवावी. कंपन्यांना हे आवडणार नाही, कारण सगळ्यात जास्त भाडं नेमक्या त्याच मार्गांवर मिळतं.

चालक गेल्यावर काय काय जातं, तेही नीट मोजायला हवं. जर्मनीत चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी आला की बसचा चालक जागेवरून उठतो, दारातली फळी हाताने उघडतो, खुर्ची आत घेतो. जर्मनीतल्या अनेक शहरांत रात्री ठरावीक वेळेनंतर प्रवासी चालकाला सांगून दोन थांब्यांच्या मध्येही उतरू शकतो, म्हणजे एकट्या बाईला घरापर्यंत कमी चालावं लागतं. नकाशा न कळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुठे उतरायचं ते चालक सांगतो. यातली काही कामं यंत्र करू शकतं. होलोन ही जर्मन कंपनी बनवत असलेल्या पंधरा जणांच्या विनाचालक गाडीला आपोआप उघडणारा उतार आहे. मधेच उतरण्याची सोय तर या गाडीच्या स्वभावातच आहे. पण रात्री अकरा वाजता एका अनोळखी पुरुषाबरोबर बंद गाडीत बसलेल्या बाईला कॅमेरा पुरेसा वाटेल का? देखरेखीच्या खोलीतला माणूस एकाच वेळी किती गाड्या सांभाळतो यावर त्याचं उत्तर अवलंबून आहे. आणि नेमक्या त्याच आकड्यावर सगळी बचतही अवलंबून आहे. एकाने पाच गाड्या सांभाळल्या तर पैसे फारसे वाचत नाहीत; पन्नास सांभाळल्या तर वाचतात, पण त्या बाईने बटण दाबल्यावर उत्तर किती वेळाने येईल? हा आकडा कंपनीच्या सोयीवर सोडू नये. प्रवाशांच्या प्रतिनिधींसमोर, जाहीर चर्चेत तो ठरला पाहिजे.

आपल्या देशात हा वाद वेगळ्या टोकावर उभा आहे. केंद्रीय वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की रोजगार जातील म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. जिथे गाडी चालवणं हा लाखो घरांचा आधार आहे तिथे ही भूमिका समजण्यासारखी आहे, आणि आजच्या घडीला मला ती योग्यही वाटते. जर्मनीत चालक मिळत नाहीत म्हणून यंत्र हवं आहे. आपल्याकडे चालक आहेत, पण त्यांना धड पगार देणारी सेवा नाही. वेगळ्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध घेऊ नये. मात्र त्या प्रयोगातला अर्धा भाग आपण आजही घेऊ शकतो, आणि त्याला एकाही सेन्सरची गरज नाही. बदलापूर, विरार, वाघोली यांसारख्या उपनगरांत शेअर रिक्षा आणि मिनीबस सार्वजनिक वाहतुकीच्या तिकिटात, वेळापत्रकात आणि जबाबदारीत आणता येतील. चालक राहील, त्याला ठरलेला मोबदला मिळेल, आणि गाडी भरली नाही तरी रात्री सुटेल. हॅम्बुर्गने ऑस्डॉर्फमध्ये चालकासह नेमकं हेच आधी केलं, यंत्राचा विचार नंतर आला. क्रम महत्त्वाचा आहे.

म्हणून उद्या कुठल्याही नगरपालिकेने, इथल्या किंवा तिथल्या, अशा प्रयोगाची फीत कापली तर नागरिकांनी आणि पत्रकारांनी गाडीच्या छतावरचे कॅमेरे बघण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. पास आहे त्याला यात बसता येतं का? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला फोन करून गाडी मागवता येते का? चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी एकट्याने चढू शकतो का? पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी लेखी बंधनकारक आहे का? प्रवासाची माहिती कोणाच्या मालकीची? अनुदान संपल्यानंतरच्या वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून येणार? नव्याचे नऊ दिवस सरले की बहुतेक प्रयोग या शेवटच्या प्रश्नावर संपतात. आणि प्रयोग अपुरा राहिला तर तो यशस्वी झाला म्हणून सांगू नका, अशी विनंती संबंधित अधिकाऱ्यांना करावी. हेलसिंकीने आपला तोटा लपवला नाही, म्हणून आज सगळ्या जगाला त्यातून शिकता येतं.

आणखी एक प्रश्न विचारावा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे: ही गाडी आली म्हणून कोणती गोष्ट यायची राहणार आहे? पाच मिनिटांत दारात येणारी सहा आसनी गाडी असली की दहा वर्षांनी येणाऱ्या रेल्वेचा खर्च अनावश्यक वाटू लागतो. अर्थसंकल्पाच्या बैठकीत तसं म्हणणं फार सोपं असतं. पण दाट वसाहतीला सहा-सहाच्या तुकड्यांनी शहरात नेता येत नाही, सकाळी आठ वाजता तर नाहीच. विनाचालक गाडी उत्तम चालेल, प्रवासी खूश असतील, तरीही ती त्या वसाहतीची फसवणूक ठरू शकते, जर तिच्या आडून मूळ वचन विसरलं गेलं. ऑस्डॉर्फर बॉर्नमध्ये पहिली कुटुंबं राहायला आली त्याला आता अर्ध्या शतकाहून अधिक काळ झाला. तिथपर्यंत रेल्वे अजून पोचलेली नाही.